जुन्या मोटरहोमच्या कार्ब्युरेटरचा चोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७० आणि १९८०च्या दशकांतल्या बहुतेक पेट्रोल मोटरहोममध्ये मोठं व्ही-८ इंजिन आणि त्यावर एक कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असायचा. डॉजचं ४४०, शेवरलेचं ४५४, फोर्डचं ४६०, जीएमसी मोटरहोममधलं ओल्ड्समोबिलचं ४५५ आणि नंतरचं ४०३ ही त्यातली ठळक नावं (आकडे इंजिनाच्या आकाराचे, घनइंचांत). १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्युएल इंजेक्शन येत गेलं आणि चोक, म्हणजे गार इंजिन सुरू होण्यासाठी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली झडप, हळूहळू नाहीसा झाला. खालची माहिती त्याआधीच्या इंजिनांसाठी आहे.

चोकबद्दल तक्रार आली की बहुतेक लोक आधी त्याच्या झाकणाचे स्क्रू सैल करतात आणि झाकण फिरवतात. ते सगळ्यात शेवटचं काम आहे. दोष बहुतेक वेळा चोकच्या स्प्रिंगमध्ये नसतो. तिला उष्णता पोचवणाऱ्या रस्त्यात, पुल-ऑफमध्ये (इंजिन पकडताच चोक थोडा उघडणारा डायफ्रॅम) किंवा फास्ट आयडलच्या कॅममध्ये (गार इंजिन जरा जास्त वेगाने चालतं ठेवणारा पायऱ्यांचा भाग) असतो.

चोक नेमकं काय करतो?

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. गार इंजिनात पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होतो, उरलेलं थेंबांच्या रूपात इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांपर्यंतच्या वाटेच्या) भिंतींना चिकटून राहतं. गरम इंजिनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरतं. तेच प्रमाण गार इंजिनाला दिलं तर सिलिंडरमध्ये पोचणारी वाफ इतकी कमी असते की ठिणगी पडूनही इंजिन पेट घेत नाही. म्हणून कितीतरी पट जास्त पेट्रोल ओतावं लागतं, म्हणजे त्यातून पुरेशी वाफ निघते.

हे जास्तीचं पेट्रोल चोक थेट देत नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली झडप बंद झाली की तिच्या खालच्या भागात व्हॅक्यूम वाढतो. एरवी स्टार्टर फिरताना मेन नोझलमधून थेंबही येत नसतो, तो आता ओढून घेतला जातो. ही झडप शाफ्टवर बरोबर मधोमध बसवलेली नसते. एक बाजू मुद्दाम मोठी ठेवलेली असते, त्यामुळे आत येणारी हवाच तिला उघडायला बघते. स्प्रिंग बंद करू पाहते, हवा उघडू पाहते. इंजिन गरम होईल तशी स्प्रिंग सैल पडत जाते आणि झडप सरळ उभी राहते.

माझ्या गाडीत कोणत्या प्रकारचा चोक आहे, हे कसं ओळखायचं?

एअर क्लीनर काढा आणि चोकच्या शाफ्टच्या टोकाला काय जोडलंय ते बघा.

शाफ्टपासून एक पातळ सळई खाली इनटेक मॅनिफोल्डकडे जाऊन एका पत्र्याच्या टोपीखाली शिरत असेल, तर तो विहिरीतला चोक. बायमेटल स्प्रिंग (उष्णतेने आकार बदलणारी चोकची स्प्रिंग) कार्ब्युरेटरवर नसून मॅनिफोल्डच्या खळग्यात, एक्झॉस्टच्या क्रॉसओव्हरवर (कार्ब्युरेटरच्या खालून एक्झॉस्ट नेणाऱ्या वाटेवर) बसलेली असते. डॉज-क्रायस्लर इंजिनांवर हा सर्रास दिसतो, रॉचेस्टर कंपनीच्या जुन्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवरही.

कार्ब्युरेटरच्या बाजूला गोल काळं झाकण आणि त्याकडे येणारी धातूची नळी असेल, तर गरम हवेचा चोक. गोल झाकण आहे पण नळीऐवजी वायर आलीय, तर इलेक्ट्रिक. झाकणाला पाण्याचे रबरी पाइप जोडलेले असतील तर तो कूलंटवर चालतो. आणि डॅशबोर्डवर ओढायची मूठ असेल तर मॅन्युअल. फोर्डच्या काही कार्ब्युरेटरवर गरम हवेची नळी आणि वायर दोन्ही असतात. तिथे वीज फक्त मदतीला असते.

हात लावण्याआधी काय बंद करायचं?

हा भाग वगळू नका. मोटरहोममध्ये इंजिनाचं झाकण बहुधा दोन पुढच्या सीटच्या मधे, म्हणजे राहत्या जागेतच उघडतं. पेट्रोलची वाफ आणि गॅस दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात. फ्रीज, पाणी तापवायचा हीटर आणि खोली गरम करायची भट्टी यांच्या ज्योतीही तिथेच आसपास असतात.

गॅस सिलिंडरची मुख्य कळ बंद करा. नुसती शेगडीची कळ पुरत नाही. जनरेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, १५ मिनिटं थांबा. पेट्रोलच्या आगीवर चालणारा अग्निशामक हाताशी ठेवा. इंजिन सुरू करताना शक्यतो एअर क्लीनर जागेवर हवा. इंजिन लीन असेल (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) तर कार्ब्युरेटरमधून भडका उलटा येतो, आणि त्या वेळी तुमचा चेहरा झाकणावर वाकलेला असू शकतो. बाटलीने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतत असताना दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगणं तर कधीच नको.

चोक लागलेलं इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतं. बंद शेडमध्ये तपासणी करू नका, आणि काम झाल्यावर झाकणाची रबरी किंवा फोमची सील नीट बसली आहे का ते हाताने चाचपून बघा. तिथली फट म्हणजे धूर थेट झोपायच्या जागेत.

गार इंजिन सुरू करायची बरोबर पद्धत कोणती?

चावी लावण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा हळूच तळापर्यंत दाबा आणि पूर्ण सोडा. यात तीन गोष्टी होतात: चोकची झडप मिटते, फास्ट आयडलचा स्क्रू कॅमच्या सगळ्यात उंच पायरीवर चढतो आणि ॲक्सिलरेटर पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो. फार थंडी असेल तर दोनदा दाबा. मग पाय पेडलवरून काढून स्टार्टर मारा.

पेडल न दाबता नुसता स्टार्टर मारला तर चोक मिटतच नाही, कारण फास्ट आयडलचा स्क्रू कॅमला वर येऊ देत नाही. "चोक चालत नाही" म्हणून आणलेल्या कितीतरी गाड्यांत एवढंच कारण असतं. इंजेक्शनच्या गाड्या चालवलेल्या माणसाला ही सवय नसते, त्यात त्याची चूक नाही.

इंजिनाने पकडल्यावर अर्ध्या मिनिटाने पेडलला हलका टोला द्या, म्हणजे स्क्रू एक पायरी खाली उतरेल. वेग उतरल्याशिवाय गिअर टाकू नका. इतक्या जड गाडीत उंच आयडलवर रिव्हर्स टाकला की गिअरबॉक्सला आणि जॉइंटना जोराचा दणका बसतो.

गाडी काही महिने उभी होती. आता खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो. चोकचा दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. फ्लोट बाउलमधलं (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवायच्या वाटीतलं) पेट्रोल उडून गेलेलं असतं. टाकी पार मागे, पाइप लांब आणि पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालणारा, त्यामुळे बाउल भरायला वेळ लागतो. १० सेकंद स्टार्टर, मग अर्धा ते एक मिनिट विश्रांती, असं करा. सलग मारत राहिलात तर स्टार्टर जळेल.

त्याऐवजी गार इंजिनावर पिचकारीने बाउलच्या व्हेंट नळीतून ६० ते ९० मिली ताजं पेट्रोल भरता येतं. सांडलेलं पुसून, वाफ जाऊ देऊन, एअर क्लीनर बसवून मगच चावी फिरवा.

महिन्यांनी नव्हे, एका रात्रीतच बाउल रिकामा होत असेल तर गोष्ट वेगळी. क्वाड्राजेटच्या बाउलच्या तळाला असलेले प्लग गळतात आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये उतरतं. कार्ब्युरेटर उतरवून ते प्लग पेट्रोलला टिकणाऱ्या इपॉक्सीने बंद करावे लागतात.

इंजिन लगेच पकडतं, पण दोन-चार सेकंदांत काळा धूर सोडून बंद पडतं. असं का?

पुल-ऑफ गेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. स्टार्टर फिरत असताना झडप पूर्ण मिटलेली हवी, पण इंजिनाने पकडल्याच्या क्षणी ती थोडी उघडली पाहिजे, नाहीतर इंजिन स्वतःच ओढलेल्या पेट्रोलमध्ये बुडतं. स्प्रिंग एवढ्या लवकर सैल पडत नाही. ते काम व्हॅक्यूमवर चालणाऱ्या छोट्या डायफ्रॅमचं. इंजिन चालू झालं की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम त्याला आत ओढतो आणि तो सळईने झडप काही मिलिमीटर उघडतो.

तपासणी सोपी आहे. डायफ्रॅमचा रबरी पाइप काढा, दट्ट्या हाताने आत दाबा, पाइप जोडायच्या तोटीवर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या सोडा. तो बाहेर यायला लागला तर डायफ्रॅम फाटलाय. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर १५ ते २० इंच पारा एवढा व्हॅक्यूम देऊन बघा, काटा टिकला पाहिजे. एक सावधगिरी: रॉचेस्टरच्या काही डायफ्रॅमना मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेलं असतं. चाचणीपुरती त्यावर टेप लावा, नाहीतर चांगला भाग बाद ठरवाल. रबरी पाइपही वाकवून बघा, उष्णतेने तडकलेला पाइप वरून धडका दिसतो.

डायफ्रॅम चांगला असेल तर फट मोजा. दट्ट्या व्हॅक्यूमने पूर्ण आत, झडप बोटाने मिटण्याच्या दिशेला हलकी दाबलेली, आणि झडपेची कड व भिंत यांच्यामध्ये ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू. बिट हलकं घासून निघालं पाहिजे. बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये ही फट अंदाजे २.५ ते ६ मिमीच्या दरम्यान असते, पण नेमका आकडा आणि वरची कड की खालची, हे तुमच्या कार्ब्युरेटरच्या नंबरवरून मॅन्युअलमध्ये बघा. फट कमी असेल तर इंजिन काळा धूर सोडतं. जास्त असेल तर खोकतं आणि कार्ब्युरेटरमधून फटफट करतं. सळईचा यू आकाराचा बाक पकडीने उघडून किंवा मिटवून फट बदलतात. काहींना त्यासाठी स्क्रू असतो.

इंजिन फ्लड झालं, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने भिजलं, तर?

पेडल तळापर्यंत दाबून तसंच धरा, पंप करू नका, आणि १० सेकंद स्टार्टर मारा. थ्रॉटल पूर्ण उघडला की अनलोडर नावाचा एक खिळा चोकची झडप ढकलून उघडतो आणि जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर बाहेर निघतं. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन पकडतं. तसं झालं नाही तर इंजिन बंद ठेवून कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि झडप हलते का ते बघा. मोटरहोममध्ये पेडलखाली जाडसर गालिचा असतो, त्याने थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही, आणि मग अनलोडरपर्यंत गोष्ट पोचत नाही.

वारंवार फ्लड झालेल्या इंजिनाच्या डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. वास पेट्रोल पंपाच्या फाटलेल्या डायफ्रॅममुळेही येऊ शकतो, तोही बघा.

इंजिन गरम झालं तरी चोक पूर्ण उघडत नाही. कुठून सुरुवात करू?

साधारण २० अंशांच्या हवेत, इंजिन चालू झाल्यापासून चार-सहा मिनिटांत झडप सरळ उभी व्हायला हवी. दहा मिनिटांनंतरही तिरकी असेल तर दोष आहे. इंजिन बंद करून आधी झडप बोटाने हलवा. ती स्वतःच्या वजनाने सहज पडायला हवी. अडकत असेल तर शाफ्टच्या दोन्ही टोकांना कार्ब क्लीनर मारा आणि पुन्हा हलवा. एअर क्लीनरचा मधला नट फार आवळला की कार्ब्युरेटरचं तोंड दबतं आणि झडप भिंतीला घासते. नट सैल केल्यावर झडप मोकळी झाली तर कारण सापडलं.

झडप मोकळी असेल तर उष्णता कुठे अडली ते शोधा.

विहिरीतल्या चोकला उष्णता क्रॉसओव्हरमधून मिळते. एका बाजूच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली हीट रायझर नावाची झडप असते. इंजिन गार असताना ती मिटलेली असते आणि एक्झॉस्टला कार्ब्युरेटरच्या खालून दुसऱ्या बाजूला जायला लावते. ती उघडीच अडकली तर विहीर तापत नाही. इंजिन पूर्ण गार असताना तिचं वजन हाताने फिरवून बघा. अडकली असेल तर ग्रॅफाइट असलेलं गंज सोडवणारं द्रव टाका आणि हलकेच ठोकत मोकळी करा. ती मिटलेली अडकली तर उलटा त्रास: कार्ब्युरेटर भाजून निघतो आणि गरमीत व्हेपर लॉक होतो (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो). क्रॉसओव्हर काजळीने बुजला असला तरी चोक उघडत नाही. आणि कोणी हेडर (मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी लावायचे पाइप) बसवले असतील किंवा क्रॉसओव्हर बंद करणारं गॅस्केट घातलं असेल, तर विहिरीतला चोक कधीच नीट उघडणार नाही. अशा इंजिनाला इलेक्ट्रिक चोकच हवा.

गरम हवेच्या चोकमध्ये व्हॅक्यूम त्या नळीतून स्वच्छ, तापलेली हवा झाकणात ओढतो. इंजिन चालू असताना नळी झाकणापासून सोडवा आणि त्या भोकावर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. जाणवली नाही तर झाकणामागची व्हॅक्यूमची वाट बुजलीय. झाकण उघडल्यावर आत काळी काजळी दिसली तर नळीचा मॅनिफोल्डमधला भाग गंजून भोक पडलंय आणि एक्झॉस्ट झाकणात शिरतोय. नुसतं साफ करून बसवलंत तर महिन्याभरात पुन्हा तेच. नळी बदला.

सपाट रस्त्यावर ठीक चालते, चढावर मात्र जीव नाही. याचा चोकशी काय संबंध?

क्वाड्राजेट आणि थर्मोक्वाड या चार बॅरलच्या (हवा जायच्या चार नळ्यांच्या) कार्ब्युरेटरमध्ये चोकला एक कुलूप जोडलेलं असतं. चोक पूर्ण उघडेपर्यंत मागचे दोन मोठे बॅरल उघडत नाहीत, म्हणजे गार इंजिनावर कोणी पेडल दाबलं तरी ते गुदमरत नाही. चोक शेवटचे थोडे अंश उघडायचा राहिला तर हे कुलूप सुटत नाही. आयडल ठीक, पिकअप ठीक, धूरही नाही. फक्त लांब चढावर गाडी निम्म्या कार्ब्युरेटरवर चालत असते.

ही गोष्ट फार वेळा नजरेतून सुटते आणि लोक पेट्रोल पंप, फिल्टर, इग्निशन असं एकेक बदलत जातात. इंजिन पूर्ण गरम असताना, बंद करून, एअर क्लीनर काढून बघा: झडप सरळ उभी आहे का, आणि कुलपाचा छोटा खटका बाजूला झालाय का. दोन मिनिटांचं काम आहे, ते सगळ्यात आधी करा.

फास्ट आयडल किती असावा?

बहुतेक व्ही-८ इंजिनांना १४०० ते १८०० आरपीएम. नेमका आकडा आणि तो कॅमच्या कोणत्या पायरीवर मोजायचा, हे इंजिनाजवळच्या एमिशन स्टिकरवर असतं. इंजिन गरम करून, कॅम हाताने त्या पायरीवर धरून, फास्ट आयडलच्या स्क्रूने जुळवा. कर्ब आयडलचा (गरम इंजिनाच्या नेहमीच्या आयडलचा) स्क्रू वेगळा असतो, तो आधी बरोबर असायला हवा. चोक उघडूनही वेग उतरत नसेल तर कॅमच्या खिळ्यावर चिकटा साचलाय.

झाकण फिरवून सेटिंग कसं करायचं?

वरचं सगळं तपासून झाल्यावरच. इंजिन रात्रभर थांबलेलं आणि हवा २०-२५ अंशांची असताना तीन स्क्रू सैल करा, पेडल एकदा दाबून सोडा आणि झाकण असं फिरवा की झडप जेमतेम मिटेल. मिटल्यावर आणखी जोर लागता कामा नये. कारखान्याची खूण याच्या आसपास असते. नंतर गरज पडली तर एका वेळी एकच रेघ सरकवा आणि पुढचा गार स्टार्ट होईपर्यंत थांबा. एकाच दिवशी चार रेघा सरकवून काही कळत नाही, कारण खरी परीक्षा दिवसातून एकदाच होते. काही झाकणांना स्क्रूऐवजी रिव्हेट असतात, ते ड्रिलने काढून स्क्रू बसवतात. विहिरीतल्या चोकला झाकण नसतं, तिथे सळई किंचित वाकवून काम होतं.

इलेक्ट्रिक चोकला वायर कुठून द्यावी?

इग्निशन कॉइलवरून देऊ नका. क्रायस्लरसारख्या इंजिनांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो, तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. चोक हळू उघडतो आणि ठिणगीही कमजोर होते. चावी चालू असतानाच वीज येणाऱ्या जागेवरून, रिले आणि छोट्या फ्यूजमधून वायर घ्या. रिले ऑइल प्रेशर स्विचवर चालवला तर आणखी चांगलं, कारण इंजिन चालू असेल तेव्हाच चोक तापतो. नाहीतर कोणी चावी फिरवून नुसतं बसून राहिलं की गार इंजिनावर चोक उघडलेला.

फोर्डचा मूळ चोक मात्र अनेकदा अल्टरनेटरच्या स्टेटर टर्मिनलवर, सुमारे ७ व्होल्टवर चालतो. त्याला थेट १२ व्होल्ट दिले तर तो फार लवकर उघडेल.

क्वाड्राजेटवर इलेक्ट्रिक झाकणाखाली गॅस्केट घालू नका, त्याचं अर्थिंग (विजेची परतीची वाट) झाकणामागच्या पत्र्यातून मिळतं. आणि गरम हवेचा चोक बदलून इलेक्ट्रिक लावत असाल तर जुनी व्हॅक्यूमची वाट बुजवा, नाहीतर झाकणातून न गाळलेली हवा इंजिनात जात राहील.

मॅन्युअल केबल बसवली तर?

चालते, पण पुल-ऑफ काढू नका. तो नसेल तर इंजिनाने पकडल्याक्षणी मूठ अर्धी आत ढकलावी लागते. केबल एक्झॉस्टपासून लांब न्या, वळणं मोठी ठेवा आणि मूठ पूर्ण आत असताना झडप खरंच सरळ उभी आहे का ते बघा. मूठ बाहेर राहिली तर डॅशबोर्डवर दिवा लागेल असा स्विच जरूर लावा.

तासाभराच्या थांब्यानंतर गरम इंजिन सुरू होत नाही.

इंजिन अजून गरम असतं, पण इलेक्ट्रिक चोक त्याच्या आधी गार होऊन मिटू लागतो. शिवाय इंजिनाच्या झाकणाखालच्या धगीने बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये ठिबकलेलं असतं. म्हणून आधी पेडलला अजिबात हात किंवा पाय न लावता स्टार्टर मारा, कारण पेडल दाबलं की चोक मिटायला मोकळा होतो. पकडलं नाही तर पेडल तळापर्यंत दाबून धरा, फ्लड झालेल्या इंजिनासारखं.

शाफ्टला तेल घालावं का?

नाही. तेलावर धूळ बसते आणि चार दिवसांत तोच शाफ्ट आणखी जड होतो. कार्ब क्लीनरने धुऊन कोरडा ठेवा. फारच झिजलेला असेल तर कोरडी ग्रॅफाइट पूड चालते.